चुलीजवळची जागा

ती घटना आजही आठवते, अशी सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांना खोडच असते. जणू बाकीच्या वेळी आम्ही ती विसरलेलो असतो. मला विसरायची सोयच नाही. मी खोपोलीला राहतो, मुलगी नेरळला. तिच्याकडे जाताना कर्जत सोडलं की थोड्या अंतरावर गुलाबी रंगाच्या इमारतींची एक वसाहत लागते. तिच्या कुंपणाच्या आत, पोरांच्या घसरगुंडीच्या जरा पलीकडे, माझ्या नोकरीतलं ते प्रकरण जमिनीत पुरलेलं होतं. जावई म्हणतो, बाबा, तुमच्यासाठी तिथेच एक फ्लॅट बघू या का? मी विषय बदलतो.

नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यातले बहुतेक गेले, आणि जे आहेत त्यांना त्याच बाजारात दुकान उघडायचं असतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मूळचा साताऱ्याकडचा, चाळिशीतला, वर्दी कडक आणि डोकं त्याहून कडक. माझ्या हद्दीतला गुन्हा उघडकीस आल्याशिवाय राहत नाही, हे लोकांनी म्हणायच्या आधी मीच सांगत फिरायचो. माझ्या हाताखाली इथलेच एक हवालदार होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. तालुक्यातली प्रत्येक वाडी आणि प्रत्येक भांडण त्यांना पाठ. माझं काही चुकलं तर ते बोलायचे नाहीत, नुसते खाकरायचे. त्या प्रकरणात ते फार खाकरले.

त्या जागेला गावात सगळे ‘कॅम्प’ म्हणायचे. करवंदीच्या जाळ्या, गवत, मधूनमधून दगडी जोत्यांचे तुकडे. महायुद्धाच्या वेळी लष्करानं तिथे पत्र्याच्या बराकी बांधल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं त्यात आणून ठेवलं, तात्पुरतं म्हणून. एका बराकीत दहा-बारा कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे, खाली मुरमाची जमीन. ते तात्पुरतं काही वर्षं चाललं. मग कॅम्प मोडला, पत्रे लिलावात गेले, बरीच माणसं कल्याणकडे गेली. थोडी कर्जत-खोपोलीच्या बाजारात दुकानं टाकून इथलीच झाली.

इमारतींच्या पायासाठी खोदकाम सुरू झालं तेव्हा थंडीचे दिवस होते. सकाळी मुकादमाचा फोन आला, मशीनच्या बकेटीत माणसाचं हाड आलंय, मजूर कामाला हात लावत नाहीत. आम्ही गेलो. पंच बोलावले, हातानं माती काढायला लावली. कंबरभर खोलीवर माणसाचा सांगाडा होता, उताणा, हातपाय सरळ. भोवती पांढरी, गोळे झालेली माती. हवालदारांनी चिमूट बोटांवर चोळून बघितली आणि म्हणाले, चुना हाय सायेब. मी कान टवकारले. मुडद्यावर चुना टाकलेला दिसला की पोलिसाच्या डोक्यात एकच येतं, वास दाबायचा होता, म्हणजे लपवायचं होतं.

तिथे एक म्हातारी ठाकरीण होती. कोंडाणे लेण्यांच्या अंगाच्या आदिवासी वाडीतली. सून घमेली वाहायची आणि ही झाडाखाली नातवंडाला घेऊन बसायची. ती खड्ड्याच्या कडेला आली, वरच्या जमिनीचं एक ढेकूळ उचलून न्याहाळायला लागली. “सायेब, ही जमीन बगा,” म्हणाली. मी म्हणालो, “आजी, बाजूला व्हा, पंचनामा चाललाय.” ती बाजूला झाली. सरकारी माणसानं बाजूला व्हायला सांगितलं की व्हायचं, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. हवालदार खाकरले आणि तिच्या हातातलं ढेकूळ घेऊन त्यांनी पिशवीत टाकलं. पलीकडचं आणखी एक उचललं. मी म्हणालो, कशाला कचरा गोळा करताय? ते म्हणाले, असू द्या, मुद्देमालात पडून ऱ्हाईल.

अकस्मात मृत्यूची नोंद केली, हाडं लाखेचं सील लावून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल आणि हाडं परत यायला वेळ लागला. पुरुष, पस्तिशीच्या आसपास, हाडांवर जखमेची खूण नाही, पुरून चाळीस-पन्नास वर्षं झाली असावीत, मृत्यूचं कारण सांगता येत नाही. वरिष्ठ म्हणाले, इतक्या जुन्या मुडद्याचा आरोपी कुठे शोधता, तोही मेला असेल, फाईल बंद करा. मी तेव्हाच त्यांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अहवालापाठोपाठ एक पोस्टकार्ड आलं. खोपोलीचा शिक्का, सही नाही. मजकूर एवढाच की, सांगाड्याची चौकशी करता तर बाजारातल्या कापडवाल्या शेठच्या बापाचं काय झालं ते विचारा, तो कॅम्पातून निघून गेला असं त्याची बायको सांगते, पण जाताना त्याला कुणी पाहिला? कार्ड कुणी लिहिलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. निनावी पत्रावर विश्वास ठेवू नये, असं आम्हाला शिकवतात, आणि आमचे निम्मे गुन्हे त्यावरच उघड होतात.

कापडवाल्या शेठला सगळा तालुका ओळखत होता. पंचावन्नच्या घरातला, बुटका, हसरा माणूस. आठ वर्षांचा असताना आईबापाबरोबर कॅम्पात आला होता. इतकी वर्षं इथे काढल्यावर त्याचं मराठी माझ्यापेक्षा इथलं झालं होतं. लुगडं घ्यायला आलेल्या ठाकरणीशी तो तिच्याच बोलीत घासाघीस करायचा. त्याला ठाण्यात बोलावलं. रायटर जबाब लिहायला बसला. पूर्ण नाव विचारलं तर शेठनं स्वतःचं नाव आणि आडनाव सांगितलं आणि गप्प झाला.

“वडिलांचं नाव?” रायटरनं विचारलं.

“ते मी लिहीत नाही.”

“शेठ, जबाबात लागतं.”

“लागत असेल. दुकानाच्या कागदावर नाही, पोरीच्या लग्नपत्रिकेत नाही, मी कुठेच लिहीत नाही. तुम्हाला लागतं तर रेशनकार्डावरून उतरून घ्या.” हसरा माणूस एकदम दुसराच दिसायला लागला.

मग त्यानं सांगितलं ते असं. कॅम्पातला पहिलाच पावसाळा. बापाला हिवतापानं धरलं होतं. एक दिवस हा दुधाच्या रांगेतून परत आला तर बापाचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं. आई म्हणाली, बरे झाले, मुंबईला कामाला गेले, तू झोपल्यावर येतात आणि तू उठायच्या आत जातात. पोरानं खरं मानलं. रोज संध्याकाळी स्टेशनात जाऊन बसायचा, मुंबईकडची गाडी आली की उतरणारा एकेक माणूस बघायचा. दोन वर्षं बसला. कॅम्प मोडला त्या दिवशी आईनं सांगितलं की ते हरिद्वारला निघून गेलेत, आता यायचे नाहीत.

“आमच्याकडे अंगावरच्या कपड्याशिवाय काही नव्हतं, साहेब, आणि हा माणूस पुण्य करायला निघून गेला,” शेठ म्हणाला. “मेला असता तर बरं झालं असतं. निदान दरसाल श्राद्ध तरी घातलं असतं.”

मी डायरीत ‘वडिलांविषयी तीव्र द्वेष’ असं टिपून ठेवलं. आठ वर्षांच्या पोराचा द्वेष मी पुराव्यात धरत होतो, म्हणजे माझं कसं चाललं होतं बघा. मग आईबद्दल विचारलं.

“आईनं वाढवलं मला. लोकांचे कपडे शिवले, पापड लाटले. माझी तक्रार नाही. पण त्या दिवसांत तीही बदलली होती. बराकीत आमच्या वाट्याला एवढीशी जागा. त्यात चुलीजवळचा कोपरा तेवढा उबेचा. थंडीत मी तो मागायचो, रडायचो. तिनं कधी दिला नाही. स्वतः झोपायची तिथे, आणि मी पडद्याकडेला कुडकुडत. पोरकटपणाच आहे, पण विसरलो नाही.”

हे सगळं माझ्यासमोर टेबलावर मांडलेलं होतं, आणि मी त्यातून नेमकं उलटं उचललं. नवरा नाहीसा झाला, बायको बदलली, चुना सापडला. माझ्या मनात गोष्ट तयार झाली की नवरा आजारी, बायको तरणी, मध्ये तिसरा कुणीतरी असणार. सुतावरून स्वर्ग गाठायला मला एक संध्याकाळ पुरली.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, असा नियम आहे. मी तो पाळला. फक्त जीप बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, शेठच्या दुकानाच्या बरोब्बर दारात उभी केली. नियम न मोडता एखाद्याची अब्रू कशी घालवायची, हे आमच्या खात्यात वेगळं शिकवावं लागत नाही.

दुकानाच्या वरच घर. म्हातारी पंच्याहत्तरीची, पांढरे केस, कपाळावर ठसठशीत टिकली, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. जमिनीवर बसून वाटाणे सोलत होती. मी खुर्चीत बसून विचारत होतो आणि ती मान खाली घालून सोलत होती.

“आजी, नवरा कुठे गेला?”

“गेला.”

“कुठे?”

“हरिद्वार.”

“चुना कुठून आणला होता?”

तिचे हात थांबले. क्षणभरच, मग पुन्हा वाटाणे पडायला लागले. मला वाटलं, धरली. आणि मी जे विचारलं ते आज लिहितानाही तोंड कडू होतं. मी म्हणालो, “आजी, तुमच्या आयुष्यात दुसरा कुणी होता का तेव्हा?” शेठ दारातच उभा होता. तो एवढंच म्हणाला, “बस झालं, साहेब,” आणि जिना उतरून खाली गेला. म्हातारीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला राग आला नव्हता. आणखी एक सरकारी माणूस, असं ती बघत होती.

तीन दिवस सलग जीप तिथे लावली. तिसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं होतं आणि समोरच्या भाजीवाल्या बायका वर बोट दाखवून बोलत होत्या. परतताना हवालदार म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची असती सायेब. आपून उगा बोटं उलगडतोय.” मी म्हणालो, पोलिसाचं कामच ते आहे.

त्याच संध्याकाळी ते मला मुद्देमालाच्या खोलीत घेऊन गेले. त्या दिवशीची दोन ढेकळं टेबलावर ठेवली. “ह्ये मुडद्याच्या वरलं. ह्ये चार हात पल्याडलं.” बल्ब जवळ धरला. पलीकडच्या ढेकळावर सारवणाचे पाच-सात थर होते. मुडद्यावरच्या ढेकळाला मात्र वीतभर जाडीचे थर होते, कांद्याच्या पापुद्र्यासारखे एकावर एक, नखानं सुटे करता येतील असे. मोजायला गेलो आणि सोडून दिलं.

“ती ठाकरीण तवाच दावत व्हती,” हवालदार म्हणाले. “तुमी तिला बाजूला केली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या ठाकरणीकडे गेलो. झाडाखाली तिच्यासमोर मीच खाली बसलो. तिला ढेकूळ दाखवलं.

“आमी पोरी होतो तवा,” ती म्हणाली, “मोळ्या घेऊन कॅम्पात जायचो. त्यांच्या बायांना सारवायचं ठावं नवतं. एक बाय होती, गोरी, एक पोरगा तिला. तिला म्या शिकवलं. शेनबी मीच देयाची. आमी कसं, सनाला सारवतो, नाय तर आठ दिसानं. ही बाय रोज सारवायची. पर सगळं घर नाय, चुलीपाशी तेवडंच. म्या इचारलं, बाय, रोज कशाला गं? तर नुसती रडायची.”

“मग तुला काय वाटलं?”

“मला काय वाटायचंय? त्यांची रीत आसंल वाटलं.” तिनं ढेकूळ माझ्या हातात परत दिलं. “पर मानूस मारून पुरल्याव त्याला रोज कोन सारवतो रं? मारनारा तिथून पाय काडतो.”

मी पोलीस अधिकारी, वीस वर्षं नोकरी झालेला, आणि हे मला मोळ्या विकणाऱ्या बाईनं सांगावं लागलं. आणि त्याच वेळी मला शेठचा जबाब आठवला. थंडीत पोरानं रडून मागितला तरी आईनं कधी दिला नाही, तो चुलीजवळचा उबेचा कोपरा. मला तिथेच माझी लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

शेठ माल आणायला कल्याणला गेल्याची खात्री करून मी म्हातारीकडे गेलो. या वेळी जीप नाही, वर्दी नाही, बाजाराचा दिवसही नाही. बरोबर हवालदार आणि ती ठाकरीण. ठाकरीण उंबऱ्यातच थबकली, मग सरळ जाऊन म्हातारीसमोर बसली. “बाय, वळखलं का?” म्हणाली. म्हातारीनं तिचा हात धरला, तळवा उलटा करून बघितला आणि म्हणाली, “शेणवाली.” पन्नास वर्षांनी दोघी भेटत होत्या. दोघी रडल्या, आणि मी खिडकीतून बाजाराकडे बघत उभा राहिलो.

मी काही विचारलं नाही. तिनंच सांगितलं, मराठी, हिंदी आणि मधून सिंधी अशा बाजारच्या भाषेत. नवऱ्याचा ताप बारा दिवस उतरला नाही. कॅम्पच्या दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या होत्या. तेराव्या दिवशी सकाळी तो गेला. पोरगा दुधाच्या रांगेत होता, आणि ती रांग दुपारपर्यंत सरायची नाही.

“बाजूच्या बराकीत एकीचा नवरा मेला होता,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी ऑफिसवाले आले. विधवा बाईला एकटी कॅम्पात ठेवायची नाही, असा कायदा. तिला आश्रमात, दुसऱ्या शहरात. पोरगा मोठा म्हणून त्याला मुलांच्या होस्टेलात. ती एका ट्रकमध्ये, पोरगा दुसऱ्या ट्रकमध्ये. तो उडी मारत होता, दोघांनी धरून ठेवला. मी बघितलं होतं साहेब. मी गाव सोडलं, घर सोडलं, सासू रस्त्यात सोडली. पोरगा नाही सोडणार म्हटलं.”

पडद्यापलीकडे एक एकटा म्हातारा होता, त्याचं सगळं कुटुंब तिकडेच संपलेलं. त्यानं खड्डा खणला. बराकीतली सगळी माणसं धान्याच्या रांगेत गेली होती आणि पत्र्यावर पाऊस इतका होता की कुदळीचा आवाज शेजारी ऐकू जात नव्हता. चुना संडासाच्या चरांत टाकायला वाटलेला होता, तोच वापरला. ऑफिसात सांगितलं की नवरा कामाला बाहेर जातो. कागदावर त्याच्या नावानं अंगठा तो म्हातारा द्यायचा. बाहेर जाळलं असतं तर सगळ्या कॅम्पाला कळलं असतं, म्हणून घरातच पुरलं.

“चूल बाजूला सरकवली. त्याच्यावर आग कशी पेटवू? वर मीच झोपायची. पोरगा मागायचा जागा, रडायचा. बापावर पाय कसा टाकू देणार?” ती ठाकरणीकडे बघून म्हणाली, “हिनं सारवायला शिकवलं. मग रोज सारवलं. अग्नी नाही, पिंड नाही, दुसरं काय करणार होते मी त्याच्यासाठी?”

“पोराला मोठा झाल्यावर का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“पहिले लहान होता, बाहेर बोलला असता. मोठा झाला तोपर्यंत बापाला शिव्या घालायला शिकला होता. आता सांगितलं तर मला शिव्या घालेल. घालू दे. पण मग स्वतःलाच घालेल.” तिनं डोळे पुसले. “त्याला सांगू नको, बेटा. आणि त्याच्या बापाची हाडं तेवढी मातीत परत टाकू नको. अग्नी दे.”

दोन्ही एकदम होणार नव्हतं. हाडं जवळच्या नातेवाइकाच्या अर्जावर आणि सहीवर मिळतात, नाहीतर बेवारस म्हणून पुरली जातात. मी म्हणालो, आजी, सही तुम्ही करा, बायको म्हणून चालेल. ती म्हणाली, अग्नी कोण देणार? हवालदार चटकन म्हणाले, “मी देतो, आई.” तिनं त्यांच्याकडे फार मायेनं बघितलं आणि मान हलवली. पोरगा जिवंत असताना परक्याच्या हातचा अग्नी तिला नको होता. आणि पोराच्या हातचा हवा तर पोराला सांगायला हवं होतं.

तिनं वेळ मागितला. मी म्हणालो, आठ दिवसांत सांगा, मला अहवाल पाठवायचाय.

ते आठ दिवस कुठून आले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. वरून कसलीच घाई नव्हती. वरिष्ठ ते प्रकरण विसरूनही गेले होते. हाडं खोलीत महिना, वर्षभर राहिली असती तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. मला कागद पुरा करायचा होता, एवढंच. पन्नास वर्षं जी बाई गप्प राहिली, तिला मी आठ दिवस दिले.

सहाव्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना ती ठाण्यात आली. पायी, बाजारातून चालत. कपाळ मोकळं, हात मोकळे. तिला ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. बाजारातल्या सगळ्यांनी तिला तसं चालत येताना पाहिलं होतं. मागून शेठ. दोघांमध्ये चार पावलांचं अंतर होतं आणि ते शेवटपर्यंत तेवढंच राहिलं. शेठनं अर्ज केला, पावती केली. पावतीवर त्यानं पूर्ण नाव लिहिलं, मधल्या नावासकट. रायटरनं माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली.

उल्हास नदीच्या काठी अग्नी दिला. हवालदार आणि मी गेलो होतो, साध्या कपड्यांत. बायका स्मशानात येत नाहीत, पण ती आली. लांब एका दगडावर बसून राहिली, आणि ठाकरीण तिच्या शेजारी.

कागदोपत्री गुन्हा काहीच निघाला नाही. नैसर्गिक मृत्यू, संशय नाही, फाईल बंद. वरिष्ठांनी शाबासकी दिली, ती मी घेतली. पण पुढचं सांगितलं पाहिजे. शेठ आईशी भांडला नाही. त्याला तिच्याशी बोलताच येईना. समोर बसायचा, तोंड उघडायचा, उठून दुकानात जायचा. पुढच्या पावसाळ्यात ती अंथरुणाला खिळली. तेव्हा तिनं हट्ट धरला की मला पलंगावर नको, खाली जमिनीवर झोपवा. शेठनंच मला हे नंतर सांगितलं. “फरशी गार होती, साहेब. मी तिच्या शेजारी झोपलो,” म्हणाला. आठवडाभरानं ती गेली. तेव्हा माझी बदली खालापूरला झालेली होती, मला चार दिवसांनी कळलं.

मी गुन्हेगार शोधायला निघालो होतो. सापडला तो एक नियम, आणि तोही बहुतेक कुणीतरी चांगल्या मनानंच केलेला असणार, विधवा बायकांची आबाळ होऊ नये म्हणून. ट्रकवर चढवणारा तो कारकूनही वाईट नसेल. त्याला त्याचा कागद पुरा करायचा असेल. मी त्याच्यापेक्षा वेगळा नव्हतो. तेव्हापासून मी माझ्यापुरतं एक ठरवलं. पंचनामा चालू असताना कुणी कडेला येऊन काही दाखवायला लागलं, तर त्याला बाजूला व्हायला सांगायचं नाही. आणि कुणाला मुदत द्यायची वेळ आली, तर आधी स्वतःला विचारायचं की घाई कुणाला आहे. बाकी माझ्या हातात काही नव्हतं.

पावतीच्या वेळचं एक वर लिहायचं राहिलं. राहिलं कसलं, मुद्दामच मागे ठेवलं. सही झाल्यावर शेठ उठला नाही. म्हातारी बाहेर बाकावर बसलेली होती. त्यानं हाडांच्या पिशवीच्या लाखेवरून बोट फिरवलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “साहेब, उंचीनं केवढे होते हो ते? मला चेहरा आठवत नाही. नुसते खूप उंच होते, एवढंच आठवतं. स्टेशनात मी गाडीतून उतरणारा उंच माणूस दिसला की त्याच्यामागे फाटकापर्यंत जायचो.”

मी प्रयोगशाळेचा अहवाल काढला, पान उलटलं. पाच फूट तीन इंच.

“म्हणजे माझ्याएवढेच,” शेठ म्हणाला. त्यानं पिशवी उचलून छातीशी धरली. “आणि मी दोन वर्षं नुसती उंच माणसंच बघत बसलो.”